माशांवरील पांढरे ठिपके: उपचार करताना या चुका टाळा

सांगलीत डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन चांगलेच तापते आणि पहाटे गारठा पडतो. हीटर नसलेल्या फिशटँकमधील माशांना पाण्याच्या तापमानातील हा चढउतार सोसत नाही, आणि याच दिवसांत अंगावर व परांवर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठलेले, खडीवर अंग घासणारे मासे दिसू लागतात. हा रोग ‘इक’ या नावाने ओळखला जातो आणि तो इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. त्यावरचे औषध दुकानात सहज मिळते, तरीही मासे दगावतात. याचे मुख्य कारण म्हणजे ठिपके दिसेनासे होताच औषध बंद केले जाते.

दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली वाढणारा परजीवी असतो आणि तेथे त्याला औषध लागू पडत नाही. पूर्ण वाढ झाली की तो माशाला सोडून तळाशी जातो, खडीवर किंवा वनस्पतींवर चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो आणि आत विभाजन होऊन त्याची शेकडो पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले नवा मासा शोधत पाण्यात पोहत असतात, तेवढ्याच काळात औषध त्यांना मारू शकते. म्हणजे मासा स्वच्छ दिसू लागतो तेव्हा परजीवी बहुधा तळाशी असतो. पाणी 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हे चक्र साधारण आठवड्याच्या आत पूर्ण होते. थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यानंतरही किमान आठवडाभर, आणि हीटर नसल्यास त्याहून अधिक काळ, उपचार चालू ठेवावा.

मात्रेतही गफलत होते. 2 फूट लांब, 1 फूट रुंद व 1 फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावते. पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात 45 लिटरच्या आसपासच उरते. मेलॅकाइट ग्रीन हे रसायन असलेले औषध अंदाजाने ओतणे घातक आहे, आणि खवले नसलेल्या लोच किंवा कॅटफिशसारख्या माशांना ते जास्तच बाधते. फिल्टरमधील कार्बन काढला नाही, तर तो औषध शोषून घेतो आणि सारी मेहनत वाया जाते.

तापमान वाढवल्यास परजीवीचे चक्र लवकर पुढे सरकते, म्हणून मॉली, एंजल अशा उष्ण कटिबंधातील माशांसाठी ते दिवसाला एक-दोन अंशांनी 28 ते 30 अंशांपर्यंत न्यावे. गोल्डफिशसाठी मात्र इतक्या गरम पाण्याचा आग्रह धरू नये. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप रात्रीही चालू हवा.

घाबरून संपूर्ण टाकी रिकामी करणे, खडी उकळणे आणि नळाचे क्लोरीनयुक्त पाणी थेट भरणे हा उपाय तर रोगापेक्षा महाग पडतो, कारण फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू मरतात, अमोनिया वाढतो आणि आधीच अशक्त झालेले मासे त्यात जातात. थोडे थोडे पाणी बदलावे, तळ सायफनने उपसावा आणि नवे पाणी क्लोरीन काढूनच घालावे.

औषध घालण्यापूर्वी मासा नीट पाहावा. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीने पांढरे बारीक दाणे येतात. ते प्रजननकाळाचे लक्षण असते आणि त्यावर काही करायचे नसते. याउलट ठिपका एकही नाही, पण मासा धापा टाकतो, एक कल्ला मिटून ठेवतो आणि पृष्ठभागाशी रेंगाळतो, तेव्हा कल्ल्यांतील चपट्या कृमींची शंका घ्यावी. अर्थात पाण्यात अमोनिया वाढला तरी मासा असाच वागतो, म्हणून पाण्याची चाचणी आधी करावी. कृमींवर प्राझिक्वांटेल हे औषध चालते. मात्र अंडी घालणाऱ्या कृमींच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे अंडी उबून पिल्ले बाहेर आल्यावर मात्रा पुन्हा द्यावी लागते.

नवा मासा आणला की तो तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, तिची जाळी मुख्य टाकीत बुडवू नये आणि दुकानातून आलेल्या पिशवीतले पाणी मोरीत ओतावे.