जुनी रेनो आणि अडणारा गिअर: घ्यायची की सोडायची?

इंदूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात फ्रेंच गाडी म्हणजे बहुतेक वेळा रेनोच. २००७ मध्ये महिंद्राच्या साथीनं आलेली लोगान, २०१२ पासूनची डस्टर, २०१५ पासूनची क्विड, अधूनमधून एखादी फ्लुएन्स किंवा स्काला. डस्टरचं सस्पेन्शन खड्ड्यांना दाद देत नाही, दीड लिटरचं डिझेल इंजिन टिकाऊ आहे, आणि गिअरमध्ये खोट असली की किंमत चांगलीच उतरते. मोह होणं साहजिक आहे. विकणारा म्हणतो, "भैया, बस क्लच का काम है." ते खरं असेलही. पण गिअर अडण्याची कारणं तीन जागी असतात: गिअरबॉक्सच्या बाहेर लिंकेजमध्ये (लिव्हरला बॉक्सशी जोडणारे दांडे किंवा तारा), क्लचमध्ये, किंवा बॉक्सच्या पोटात. पहिल्याचा खर्च शेकड्यांत किंवा थोड्या हजारांत भागतो, तिसऱ्यात गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जाऊ शकतो. पैसे देण्याआधी यातलं नेमकं कुठलं आहे, एवढं ठरवता आलं पाहिजे.

आधी बॉक्स कुठला ते ओळखा

डिझेल लोगान आणि ८५ पीएस (अश्वशक्ती) ताकदीची डस्टर यांत पाच गिअरचा जेआर५ बॉक्स येतो. ११० पीएसच्या डस्टरमध्ये सहा गिअरचा टीएल४. हे दोन्ही साधे, हातानं टाकायचे बॉक्स आहेत आणि उघडून दुरुस्त होतात. क्विड आणि डस्टरमध्ये एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) बॉक्सही मिळतो. त्यात बॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं ॲक्च्युएटर, म्हणजे आपोआप हलणारी यंत्रं, करतात. पेट्रोल फ्लुएन्स, स्काला आणि २०१७ नंतरची पेट्रोल डस्टर यांत सीव्हीटी (दातेरी गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक बॉक्स) असू शकतो, आणि त्याची गोष्टच वेगळी आहे. त्याबद्दल पुढे.

गाडी थंड असताना पोहोचा

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर बॉनेटला आणि सायलेन्सरच्या टोकाला हात लावून पाहा. गरम लागलं तर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी परत जा. थंड ऑइलमध्ये झिजलेली सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणारी कडी) लगेच उघडी पडते आणि ऑइल तापलं की बऱ्याच खोटी झाकल्या जातात.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाका. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून तेच पुन्हा करा. सगळ्या तपासणीत सर्वांत जास्त सांगणारी चाचणी हीच. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात पण चालू इंजिनावर अडतात, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. यात बॉक्सचा दोष असेलच असं नाही. बंद असतानाही लिव्हर जड लागतो, तर दोष लिंकेजमध्ये, सिलेक्टरमध्ये (बॉक्सच्या आत गिअर निवडणारा भाग) किंवा जाड ऑइलमध्ये आहे.

रिव्हर्ससाठी मुठीखालची रिंग वर ओढावी लागते. ती रिंग किंवा तिची तार तुटली तरी रिव्हर्स पडत नाही, आणि पुष्कळ लोक तेवढ्यावरून बॉक्स गेला असं धरून चालतात. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. घाईत टाकल्यावर थोडं 'कर्र' झालं तर रिव्हर्सला सिंक्रो नसलेल्या बॉक्समध्ये ते चालतं. थांबूनही कर्र होत असेल, तर पुन्हा क्लचच सुटत नाहीये.

आता न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढून कान द्या. घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते? मग इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा) बेअरिंग गेलेलं आहे, म्हणजे बॉक्स उघडावा लागणार. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), म्हणजे फक्त क्लचचं काम.

डस्टरच्या क्लचची एक ठरलेली खोड

डस्टरमध्ये क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, आहे आणि त्याचा स्लेव्ह सिलिंडर (त्या दाबानं क्लच सोडवणारा भाग) बेल हाउजिंगच्या, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांमधल्या क्लचच्या आवरणाच्या, आत, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. रिलीज बेअरिंग त्यातच आलं. तो गळू लागला की पेडल मऊ पडतं, कधी खालीच राहतं, आणि गिअर अडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. क्लचला ऑइल ब्रेकच्याच डबीतून जातं, म्हणून चाकांपाशी कुठे गळती नसताना ब्रेक ऑइलची पातळी उतरत असेल तर संशय इथेच घ्या. गाडी लिफ्टवर घेऊन बेल हाउजिंगच्या तळाशी बोट फिरवा. ब्रेक ऑइल पातळ आणि पाण्यासारखं असतं, गिअर ऑइलला उग्र गंधकी वास येतो, आणि काळं इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील गळतंय.

हा सिलिंडर बदलायला पूर्ण बॉक्स उतरवावा लागतो. मजुरी सगळी तिथेच जाते. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि स्लेव्ह हे तिन्ही एकदमच बदलण्याचा हिशोब धरा. फ्लायव्हील (क्लच ज्याला चिकटतो ते इंजिनाचं जड चाक) ड्युअल मासचं, म्हणजे दोन भागांचं, असेल तर तेही हातानं हलवून बघायला सांगा, कारण त्याची किंमत कधीकधी बाकी सगळ्या सेटपेक्षा जास्त भरते.

रस्त्यावर

गाडी राजवाड्याच्या गर्दीतही चालवा आणि उघड्या रस्त्यावरही. गर्दीत पहिला-दुसरा आणि हाफ क्लच कळतो. राऊकडे एबी रोडवर वेगातला आवाज कळतो. चढासाठी भंवरकुआंवरून खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे भेरूघाटापर्यंत जा. विकणारा तयार नसेल तर निदान एखाद्या पुलाचा चढ तरी गाठा.

तिसऱ्यात ताशी ३० ते ३५ किलोमीटरवर असताना दुसरा टाका. शहरात सर्वांत जास्त वापर दुसऱ्याचा, म्हणून त्याचा सिंक्रो सहसा आधी झिजतो. कर्र झालं तर डबल क्लच करून बघा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकासा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून दुसरा. असं केल्यावर गिअर गुपचूप पडला, तर सिंक्रो झिजलाय हे नक्की. अशी गाडी लगेच बंद पडत नाही, सांभाळून चालवली तर बराच काळ चालते. पण किंमत ठरवताना हा बॉक्स उघडायचाच आहे असं समजा.

नंतर प्रत्येक गिअरमध्ये, लिव्हरला हात न लावता, ॲक्सिलरेटर एकदम दाबा आणि एकदम सोडा. गिअर निसटून न्यूट्रलमध्ये आला तर खोट गंभीर आहे: बॉक्सच्या आत गिअर सरकवणारा फोर्क, गिअर पकडणाऱ्या स्लीव्हचे दाते किंवा शाफ्टची बेअरिंग. फक्त त्याआधी एक शंका फेडून घ्या. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना लिव्हर पुढेमागे इंच-इंच हलत असेल तर इंजिनाच्या खालचं माउंट, ज्याला मेकॅनिक डॉगबोन म्हणतात, तुटलेलं असू शकतं. इंजिन डोलतं, लिंकेज ओढलं जातं आणि गिअर बाहेर येतो. त्या रबराच्या तुकड्यापायी चांगली गाडी सोडू नका.

आवाजाचं असं आहे. एकाच गिअरमध्ये सूं-सूं येत असेल तर त्या गिअरचे दाते. सगळ्या गिअरमध्ये येत असेल, आणि न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही वेगाबरोबर वाढत असेल, तर डिफरन्शियलचं (बॉक्समधून दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) किंवा चाकाचं बेअरिंग. लांब वळणावर डावी-उजवीकडे वळताना आवाज बदलला तर बहुधा चाकाचं, आणि ते स्वस्तात बदलतं. क्लच घसरतोय का हे बघायला चौथ्यात ताशी ४० वर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वर पळाले आणि गाडी तिथेच राहिली, तर प्लेट संपली.

लिफ्टवर: इथे अर्धा तास द्या

विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे, आपल्या मेकॅनिककडे गाडी न्या. पहिली नजर डाव्या एक्सलच्या आतल्या बूटावर. जेआर५ मध्ये डाव्या बाजूचा हा रबरी बूट थेट बॉक्सला बोल्टनं बसतो आणि त्याच्या आतला जॉइंट गिअर ऑइलमध्येच फिरतो. दुसऱ्या गाड्यांत बूट फाटला तर ग्रीस उडतं. इथे बॉक्सचं ऑइल रिकामं होतं. कित्येक जेआर५ असेच कोरडे पडून संपतात, मूळ खोट मात्र एका रबराची. बूट नवा कोरा दिसला तर विचारा, कधी बदलला, आणि तोवर गाडी किती दिवस ऑइलशिवाय चालली?

मग ऑइल काढा. आधी भरायचा प्लग उघडतो का ते बघा. तो अडला आणि ऑइल काढून झालेलं असेल तर पंचाईत होते. खालच्या प्लगला बहुतेक रेनोंत ८ मिमीची चौकोनी चावी लागते, ती मेकॅनिककडे नसेल तर पान्यानं प्लग गोल करू देऊ नका. ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट येणारच, ती झीज साहजिक आहे. पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंग. हाताला टोचणारे पोलादी तुकडे निघाले तर दाते किंवा बेअरिंग, आणि तिथेच बोलणी थांबवलेली बरी. दीड-दोन लिटरही निघालं नाही तर कमी ऑइलवर चाललेला बॉक्स आहे, आज आवाज नसला तरी उद्या येईल.

या बॉक्सला ७५डब्ल्यू-८० प्रतीचं पातळ ऑइल लागतं. निघालेलं ऑइल मधासारखं जाड असेल तर कुणीतरी ९० नंबरचं भरलंय, एक तर अज्ञानानं, नाही तर आवाज दाबायला. जाड ऑइलनं थंडीत सकाळी गिअर जड जातात आणि सिंक्रोला पकड मिळत नाही. कधीकधी योग्य ऑइल भरल्यावर निम्मी तक्रार जाते. म्हणून विकणारा तयार असेल तर आपल्या खर्चानं अडीच-तीन लिटर योग्य ऑइल आणून पातळीपर्यंत भरा, नवा वॉशर टाका आणि ५०-६० किलोमीटर चालवून मग ठरवा. या खर्चाइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

एएमटी आणि सीव्हीटी

एएमटीत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय बोलणी करू नका. झटके, न्यूट्रलमध्येच अडकणं, डॅशबोर्डवर गिअरचा दिवा: यामागे झिजलेली क्लच प्लेटही असू शकते, ॲक्च्युएटरही, किंवा नुसती उतरलेली बॅटरी. क्लच बदलल्यावर स्कॅनरनं नव्यानं क्लच शिकवावा लागतो, म्हणजे तो कुठे पकडतो हे गाडीच्या कॉम्प्युटरला नोंदवून द्यावं लागतं. ते न केल्यानंही गाडी हिसके देते. उन्हाळ्यात दुपारच्या गर्दीत अर्धा तास चालवून बघा, तापल्यावरच येणारा दोष त्यातच कळतो.

सीव्हीटीबद्दल आमचं मत कडक आहे. आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, निघताना थरथर होते, किंवा वेगाबरोबर चढणारी शिटी ऐकू येते, तर गाडी सोडून द्या. आतला पोलादी पट्टा आणि पुली झिजल्या की गल्लीतल्या गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाहीत. कुणी त्यात साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) भरलं असेल तर झीज आणखी लवकर होते, याला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं सीव्हीटीचंच ऑइल लागतं. आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ती टो करून आणली असेल, तर तेही नुकसानच.

भाग मिळतील का?

निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. डस्टरची जुळी बहीण निसान टेरानो, तिचे पुष्कळ भाग चालतात. लोगानचीच पुढे महिंद्रा व्हेरिटो झाली, त्यामुळे तिचेही. म्हणून छोटी ग्वालटोलीतल्या दुकानांत फक्त 'डस्टर' किंवा 'लोगान' न म्हणता ही नावंही घ्या. जुना बॉक्स घ्यायचा असेल तर त्यावर जेआर५ पुढे तीन आकडी क्रमांक असतो, तो जुळवा. रेशो आणि माउंट क्रमांकागणिक बदलतात; बाहेरून सारखा दिसणारा बॉक्स बसेलच असं नाही. फ्लुएन्स आणि कोलिओस इकडे कमी विकल्या गेल्या, त्यांचा बॉक्स गेला असेल तर किंमत कितीही उतरली तरी नको.

किंमत

त्याच वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या धड गाडीचा भाव काढा. दोन गॅरेजकडून लेखी अंदाज घ्या: क्लच सेट आणि स्लेव्हचा, जुना बॉक्स बसवण्याचा, बॉक्स उघडून बेअरिंग-सिंक्रो बदलण्याचा. चाचण्यांवरून जे संभवतं त्यातलं सर्वांत महाग पकडा आणि न उघडलेल्या बॉक्ससाठी वर वीस टक्के धरा. समजा धड गाडी ३,००,००० ला जाते आणि महागातला अंदाज ५०,००० चा आहे. तर ६०,००० वजा करा. डिझेलमध्ये टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर त्याचाही खर्च वजा करा, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. हे आकडे फक्त रीत दाखवायला आहेत, भाव आपापले काढावे. उरलेल्या रकमेच्या वर जायचं नाही.

कागदपत्रांत दोन गोष्टी बघा. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे तिकडच्या डस्टर स्वस्तात इकडे येतात. दिल्लीची किंवा महाराष्ट्राची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स भरून एमपी-०९ वर नोंदणी, हा खर्च वेगळा. दुसरं, १५ वर्षं झालेल्या लोगानला नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि त्यासाठी आरटीओत तपासणी होते. ते झालेलं नसेल तर विकणाऱ्यानं करून द्यावं, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या.

बयाणा देताना कागदावर लिहून घ्या: "बॉक्सचं ऑइल काढून तपासणी केल्यावर चुंबकावर धातूचे तुकडे निघाल्यास बयाणा परत." त्यावर विकणाऱ्याची सही आणि तारीख घ्या, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा.