जुन्या डिझेल जीपचे इंजिन ऑईल घरी बदलताना

एमएम ५४०, मेजर, कमांडर अशा जुन्या महिंद्रा जीप खान्देशात अजूनही केळीच्या बागांतून, कपाशीच्या शिवारातून आणि सातपुड्याच्या घाटरस्त्यांवर राबताना दिसतात. त्यांचे इंजिन ऑईल बदलणे हे चार पान्यांनी घरीच होण्यासारखे काम आहे. त्यात मजुरीचे पैसे वाचतात हे खरे, परंतु खरा लाभ वेगळा आहे: बाहेर पडणारे जुने ऑईल इंजिनची प्रकृती सांगते, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत बाहेर पडले तरच आपल्याला कळते.

ऑईल केव्हा बदलावे, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका हाती नसल्यास साधे खनिज ऑईल पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलणे योग्य. अर्थात जुन्या जीपचा किलोमीटरचा काटा बहुधा केव्हाच बंद पडलेला असतो, आणि चालू असला तरी शेतात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तासन्‌तास चालणाऱ्या गाडीचे श्रम त्यावर उमटत नाहीत. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि शिवाररस्त्यांवर धूळ पावलोपावली उडते, म्हणून रानात चालणाऱ्या गाडीसाठी ही मुदत निम्म्यावर आणावी.

ऑईल निवडताना डब्यावरील दोन गोष्टी पाहाव्यात. १५डब्ल्यू-४० या आकड्यांतील ४० हा तापलेल्या इंजिनमध्ये ऑईल किती दाट राहील ते दर्शवतो, तर १५डब्ल्यू थंडीतील प्रवाहीपणा दर्शवतो. आपल्याकडील उन्हाळ्याला आणि हिवाळ्याला हा दर्जा पुरेसा आहे. दुसरी खूण म्हणजे एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाचे पहिले अक्षर: ‘सी’ने सुरू होणारा दर्जा, उदाहरणार्थ सीआय-४, डिझेल इंजिनसाठी असतो आणि ‘एस’ने सुरू होणारा पेट्रोलसाठी. महागडे, पातळ सिंथेटिक ऑईल जुन्या इंजिनमध्ये घालू नये, कारण झिजलेल्या सीलमधून ते अधिक सहज पाझरते.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी, म्हणजे ऑईल पातळ होते आणि तळाला बसलेला गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. मात्र ऑईल हाताला भाजेल इतके गरम असताना ड्रेन प्लग (जुने ऑईल सोडण्याचा तळाचा बोल्ट) उघडू नये आणि सायलेन्सरच्या नळीला हात लागणार नाही याकडे लक्ष ठेवावे. या जीपची जमिनीपासूनची उंची चांगली असल्याने बहुधा जॅकची गरजच पडत नाही. तरीही गाडी उचलावी लागलीच, तर ती केवळ जॅकच्या भरवशावर ठेवून खाली शिरू नये. स्टँड लावावा, चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत, आणि काळ्या मातीत जॅक व स्टँड हळूहळू रुतत असल्यामुळे काम शक्यतो फरशीवर किंवा टणक खळ्यावरच करावे.

आधी ऑईल भरण्याचे झाकण उघडावे, मग चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीखाली, रुंद घमेले ठेवून बरोबर मापाच्या रिंग पान्याने ड्रेन प्लग सैल करावा. जुन्या प्लगच्या कडा बहुतेक वेळा आधीच्या कोणीतरी पाइप पान्याने घासून ठेवलेल्या असतात. अशा प्लगवर फिक्स पाना घसरतो, म्हणून तो वापरू नये. शेवटचे आटे हाताने सोडवताना प्लग आत दाबून धरावा आणि झटक्यात बाजूला घ्यावा. हातमोजे घालावेत, कारण वापरलेले ऑईल कातडीला वारंवार लागणे घातक असते.

आता घाई न करता ऑईल निथळू द्यावे आणि ते नीट पाहावे. ते काळे आहे म्हणून चिंता करण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनमधील काजळीमुळे नवे ऑईलही थोड्याच दिवसांत काळे होते. चिंता करावी ती पुढील खुणांची. ऑईल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी गेले आहे: पावसाळ्यात खोल नाला ओलांडल्यामुळे किंवा हेड गॅस्केट फुटल्यामुळे, रेडिएटरचे पाणी विनाकारण कमी होत असेल तर दुसरी शक्यता अधिक. ऑईलला डिझेलचा उग्र वास येत असेल आणि डिपस्टिकवरील (ऑईल मोजण्याच्या पट्टीवरील) पातळी चालवता चालवता वाढलेली असेल, तर इंजेक्टर किंवा डिझेल पंप तपासून घ्यावा. शेवटच्या थेंबांत बोटांना जाणवणारा चकाकता चुरा दिसला, तर बेअरिंगची झीज सुरू आहे असे समजून गाडी जाणत्या मेकॅनिकला दाखवावी. नव्या ऑईलने ती झीज भरून येत नाही.

प्लग परत बसवताना त्याचा वायसर बदलावा. तांब्याचा वायसर चांगल्या स्थितीत असेल, तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकल्यास पुन्हा मऊ होतो आणि आणखी एकदा चालतो. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवावा, मगच पान्याने बेताचा ताण द्यावा. चेंबरचे आटे गेले, तर पुढचा खर्च ऑईलच्या कितीतरी पट असतो.

फिल्टर बदलताना जुना रबरी रिंग इंजिनच्या बाजूला चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन रिंग एकावर एक बसले, तर इंजिन सुरू होताच सगळे ऑईल बाहेर फेकले जाते. नव्या रिंगला ऑईल लावून फिल्टर हातानेच बसवावा आणि रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा द्यावा. वाटी व कागदी फिल्टर अशी जुनी रचना असल्यास आतील स्प्रिंग आणि वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवावेत.

नरसाळ्याने ऑईल भरताना मापापेक्षा थोडे कमी भरून थांबावे. स्टॉपची (डिझेल तोडून इंजिन बंद करणारी) नॉब असलेल्या गाडीत ती ओढून धरून, ऑईलचा दिवा विझेपर्यंत, स्टार्टर थोडा थोडा वेळ मारावा. त्यामुळे इंजिन कोरडे सुरू होत नाही. नंतर दोन मिनिटे इंजिन चालवून बंद करावे, ऑईल खाली उतरू द्यावे आणि डिपस्टिक पाहून वरच्या खुणेपर्यंत भर घालावी. त्याच वेळी प्लग आणि फिल्टरभोवती ओल दिसते का, तेही पाहावे.

निघालेले ऑईल झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत जाईल अशा ठिकाणी द्यावे. २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. वाळवीसाठी बांधावर ओतणे किंवा नाल्यात सोडणे ही सवय खेड्यापाड्यांत मुरलेली आहे. ते जमिनीतून विहिरीत उतरू शकते, म्हणून ती मोडलीच पाहिजे.

ज्या जीपला ऑईल भरलेल्या वाटीचा एअर क्लीनर आहे, तिची वाटीही याच वेळी काढावी. तळाशी बसलेला धुळीचा चिखल खरवडून, वाटी डिझेलने धुऊन व पुसून, तिच्यात स्वच्छ ऑईल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरल्यास इंजिन ते ऑईल ओढून घेते आणि तेच इंधन म्हणून जाळू लागते. तेव्हा स्टॉपची नॉब ओढूनही इंजिन थांबत नाही.