छत्तीस वेल, एन मात्र एक

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी लॅब मीटिंगमध्ये मी एक आलेख दाखवला होता. त्याचा फोटो अजून फोनमध्ये आहे. उडवून टाकावा असं अधूनमधून वाटतं, पण उडवत नाही. यकृतातल्या स्टेलेट पेशी, टीजीएफ-बीटा हे इशारा देणारं प्रथिन मिळाल्यावर चवताळून कोलॅजन (व्रणात साठणारं प्रथिन) ओकणाऱ्या, आणि औषध म्हणून तपासत असलेल्या माझ्या रेणूने ते कोलॅजन ४० टक्क्यांनी खाली आणलेलं. वर निकालाच्या ठामपणाचे चार तारे, अनिश्चितता दाखवणारे एरर बार इतके बारीक की प्रोजेक्टरवर दिसतसुद्धा नव्हते. कोपऱ्यात ऐटीत लिहिलेलं, एन = ३६, म्हणजे स्वतंत्र नमुने छत्तीस.

सगळे खूश. मागच्या खुर्चीवरून पोस्टडॉक मॅडमनी विचारलं, "गोठवलेल्या पेशी किती वेळा वितळवल्यास?"

"एकदा."

"औषधाचं द्रावण?"

"तेही एकदाच. पुरेल एवढं करून ठेवलं होतं."

"मग छत्तीस कुठून आले?"

मी प्लेट मोजून दाखवल्या. तीन प्लेट, प्रत्येकीत औषधाच्या सर्वांत जास्त मात्रेचे बारा वेल, म्हणजे पेशी वाढवायचे छोटे खळगे. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. "अगं, हा एन एक आहे," एवढंच म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या.

आजारामागची यंत्रणा शोधायला आणि त्यातून औषध निघतंय का बघायला जे नव्याने लॅबमध्ये शिरलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पिपेट कशी धरायची, वेस्टर्न ब्लॉट कसा चालवायचा हे तुम्हाला येतं किंवा महिनाभरात येईल. एन म्हणजे काय हेही येतं असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटत होतं. संख्याशास्त्राच्या पेपरात चांगले गुण होते माझे.

तर एन. एका तापाच्या रुग्णाला औषध दिलं आणि त्याचा ताप छत्तीस वेळा मोजला, तर छत्तीस रुग्ण बरे झाले असं कोणी म्हणणार नाही. फार तर थर्मामीटर नीट चालतोय हे कळेल. माझे छत्तीस वेल म्हणजे नेमकं हेच होतं. एकाच फ्लास्कमधून, एकाच दुपारी, त्याच सीरमच्या बाटलीत वाढलेल्या पेशी, एकाच नळीतलं औषध. त्या दुपारी पेशी जरा जास्त दाट झाल्या असतील, द्रावणात माझी दशांशाची चूक झाली असेल, तर ती चूक छत्तीसच्या छत्तीस वेलमध्ये सारखीच जाणार. बारा वेल वाढवले काय आणि बाराशे वाढवले काय, ती चूक सरासरीत विरत नाही, उलट जास्त ठाम दिसायला लागते.

ती ठाम का दिसते, हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून सविस्तर सांगते. बहुतेक आलेखांवरचा एरर बार म्हणजे स्टँडर्ड एरर. प्रमाण विचलनाला एनच्या वर्गमुळाने भागायचं. एन ३६ धरला की भागाकार ६ ने. म्हणजे विचलन तेवढंच राहून बार सहापट आखूड. पी व्हॅल्यूही, जिच्यावरून तारे ठरतात ती, याच गणितावर चालते, त्यामुळे तीही कोसळते. सॉफ्टवेअर बिचारं विचारत नाही की हे छत्तीस आकडे छत्तीस स्वतंत्र घटना आहेत की एकाच घटनेचे छत्तीस फोटो. रकान्यात भराल ते ते एन मानतं. माझे चार तारे त्या भागाकारातून आले होते, रेणूतून नव्हे.

याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हा शब्द रूढ केला तो स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञाने, १९८४ साली. तळी आणि शेतांवर प्रयोग करणाऱ्यांसाठी त्याने हे मांडलं होतं. पेशींवर काम करणारे आपण मात्र अजून तिथेच ठेचकाळतो.

मग स्वतंत्र पुनरावृत्ती कशाला म्हणायची? पेशींच्या बाबतीत माझा नियम आता असा: वेगळा दिवस, शक्यतो गोठवलेल्या पेशींची वेगळी वितळवलेली व्हायल (कुपी), औषधाचं नव्याने केलेलं द्रावण. असं एकदा केलं की एन एकाने वाढला. त्या दिवशीचे बारा वेल फुकट जात नाहीत, त्यांची सरासरी काढून त्या दिवसाचा एक आकडा मिळतो. बारांमध्ये फार तफावत दिसली तर तुमचा हात थरथरतोय हे कळतं, तेही उपयोगाचं. पण चाचणी लावायची ती दिवसांच्या आकड्यांवर, आणि त्याच दिवसाच्या कंट्रोलशी (औषध न दिलेल्या पेशींशी) जोडी लावून. सगळे वेल वापरायचेच असतील तर मिक्स्ड मॉडेल (वेलमधला आणि दिवसांमधला फरक वेगवेगळा धरणारी संख्याशास्त्रीय पद्धत) शिकून घ्या. कठीण आहे, पण जमतं.

उंदरांवर काम करणाऱ्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. गाभण मादीला औषध दिलं आणि तिची आठ पिल्लं मोजली तर एन आठ नाही, एक. अन्नातून किंवा पाण्यातून औषध देत असाल तर पिंजरा हा एन. प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडावेत हे सांगणारी अरिव्ह मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली, २०२० मध्ये सुधारली गेली, त्यात प्रयोगाचं एकक काय ते स्पष्ट सांगा असं पहिल्याच मुद्द्यात आहे. बहुतेक जण ती यादी पेपर पाठवायच्या आदल्या रात्री भरतात. मीही भरलीय.

आणि एक कडू गोष्ट. पेशींची लाइन दहा दिवस, दहा व्हायलमधून वापरली तरी ती मुळात एकाच माणसाची. मी वापरते ती स्टेलेट पेशींची एलएक्स-२ लाइन एका दात्याच्या यकृतातून आलेली. "या लाइनमध्ये हे घडतं" एवढंच तिच्यावरून म्हणता येतं. "यकृताच्या फायब्रोसिसमध्ये (यकृतात व्रण साठत जाण्यात) हे घडतं" म्हणायला वेगवेगळ्या दात्यांच्या पेशी लागतात, आणि तिथे एन म्हणजे दाता.

आता गंमत ऐका. मीटिंगनंतर मी पुन्हा पेशी वितळवल्या. ४० टक्क्यांचे २० झाले. तिसऱ्या खेपेला आणखी कमी. तेव्हा कोणीतरी माझा प्लेटचा नकाशा बघितला. ९६ वेलची प्लेट, ए ते एच आठ ओळी, वरून खाली मात्रा वाढत जाणारी. किती शिस्तशीर दिसतं! म्हणजे सर्वांत जास्त मात्रा कायम एच ओळीत, अगदी कडेला. ९६ पैकी ३६ वेल कडेचे असतात, आणि इन्क्युबेटरमध्ये तिथलं माध्यम आधी आटतं, क्षार दाटतात, पेशी कोमेजतात. कोमेजलेल्या पेशी कोलॅजन कमीच करणार. तीन प्लेट गुणिले बारा, माझे सगळे छत्तीस वेल कडेचे होते. पुढच्या वेळी कडेला नुसतं बफर भरलं, मात्रा आतल्या ६० वेलमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटल्या. निम्म्याहून जास्त परिणाम गायब.

त्या आठवड्यात मी लॅबच्या कोल्ड रूममध्ये जाऊन रडले. तिथे रडणं सोयीचं पडतं, लाल नाकाबद्दल कोणी विचारत नाही. तुमच्यावरही अशी वेळ येईल, आणि तुम्ही मूर्ख आहात असा त्याचा अर्थ होणार नाही. २०१२ मध्ये ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी लिहिलं होतं की अॅमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले अभ्यास पुन्हा करून बघितले, त्यातले ६ टिकले. म्हणजे मोठ्यामोठ्यांचं हे होतं. मला हे वाचून आधी बरं वाटलं आणि मग जास्त भीती वाटली.

यंत्रणेबद्दल थोडक्यात. रेणूने कोलॅजन कमी केलं, आणि तो अमुक प्रथिनाला बांधतो, म्हणून त्या प्रथिनातूनच कमी केलं, ही उडी सगळे मारतात. मारू नका. ते प्रथिन क्रिस्परने (जनुक कापायच्या तंत्राने) काढून टाका आणि मग औषध द्या. तरीही परिणाम दिसला तर तुमचं लक्ष्य ते लक्ष्यच नव्हे. २०१९ मध्ये जेसन शेल्टझर यांच्या गटाने कर्करोगाच्या अशाच काही औषधांची ठरलेली लक्ष्यं पेशींतून काढून टाकली. पेशी मजेत जगल्या, आणि औषधं त्यांना तरीही मारत राहिली. त्यातलं ओटीएस ९६४ हे प्रत्यक्षात सीडीके-११ या वेगळ्याच प्रथिनावर काम करत होतं. यातली काही औषधं तोवर रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली होती. उलटही घडतं म्हणा, परिणाम आधी दिसतो आणि लक्ष्य फार उशिरा सापडतं. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइडने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बाळांना जन्मजात व्यंगं देऊन जो अनर्थ केला, त्यामागचं सेरेब्लॉन हे प्रथिन सापडलं २०१० मध्ये.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. नावाजलेला मार्गदर्शक नको, तुमची नोंदवही उघडून बघणारा हवा. आलेख बघून शाबास म्हणणारे खूप असतात. कच्चे आकडे मागणारा एखादाच, आणि तो तेव्हा खडूस वाटतो. माझ्या मार्गदर्शकांनी तो आलेख मीटिंगच्या आदल्या दिवशी पाहिला होता आणि "छान" म्हणाले होते. राग अजून पूर्ण गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी ठामपणे छत्तीसच सांगितलं असतं.

शॉर्टकटमध्ये मला सर्वांत चीड येते ती सीनियरचा प्रोटोकॉल फोटो काढून वापरण्याची. माझा प्लेटचा नकाशा असाच आला होता, आणि ज्याच्याकडून आला त्यालाही तो असाच मिळाला होता. किट वापरायला माझी हरकत नाही, पण ते काय मोजतं ते माहीत असू द्या. एमटीटी चाचणी मेलेल्या पेशी मोजत नाही, पेशींची चयापचयाची धग मोजते. सुस्तावलेली पेशी तिथे मेल्यासारखीच दिसते. पेशींची ओळख पटवायची एसटीआर चाचणी आणि पेशींत लपून वाढणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूंची पीसीआर, ही दोन्ही कंटाळा न करता करून घ्या. त्यावर वाद नको.

आणि घाबरून जाऊ नका. क्षेत्र हळू चालतं, एवढंच. रक्ताच्या एका कर्करोगातलं फिलाडेल्फिया गुणसूत्र १९६० मध्ये दिसलं, जॅनेट राउली यांनी ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल १९७३ मध्ये ओळखली, आणि त्यावरच्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००१ मध्ये. चरबीमुळे होणाऱ्या यकृतदाहावर, ज्यातून माझा लाडका फायब्रोसिस होतो, अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं औषध रेसमेटिरोम यायला २०२४ चा मार्च उजाडावा लागला. आणि ते लक्ष्य करतं यकृतपेशींमधल्या थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहकाला, माझ्या स्टेलेट पेशींना नाही. हे वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते.

माझ्या रेणूचं काय झालं? पाच वेगवेगळ्या खेपांनंतर कोलॅजनमधली घट १२ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली आहे. बार लांब आहेत, तारा एकच. चार दात्यांच्या पेशींपैकी दोघांत परिणाम दिसतो, दोघांत नाही, आणि खरं तर आता मला या दोघांत आणि त्या दोघांत असलेला फरकच रेणूपेक्षा जास्त खुणावतोय. पाचव्या दात्याच्या पेशी गुरुवारी येताहेत. प्लेटचा नकाशा या वेळी शेजारच्या बाकावरच्या मुलीने चिठ्ठ्या टाकून काढलाय आणि तिच्याच कपाटात ठेवलाय. मोजणी संपेपर्यंत औषध कुठल्या वेलमध्ये आहे हे मला कळणार नाही.