रस्त्यावरून ढापायचं तर नेमकं काय ढापायचं

जळगावात राहून चित्रं काढतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, इथं काय बघायला मिळतं रे तुला, पुण्या-मुंबईला जा. मी पण बरेच दिवस हेच धरून बसलो होतो, रात्री मोबाईलवर जगभरातली म्युरल्स, म्हणजे भिंतीवरची मोठी चित्रं, सेव्ह करायची, हजारेक फोटो जमले असतील आणि त्यातून माझं असं एक चित्र निघालं नाही. आता जे करतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

खिशात मावेल अशी साधी वही घ्या. महागडं स्केचबुक नको, त्याचं पान खराब करायला हात धजत नाही. सोबत बॉलपेन, पेन्सिल नको, पेन्सिल आली की खोडरबर आला आणि मग अर्धा तास त्या एका नाकावरच. डाव्या पानावर रस्त्यात दिसलेली एक गोष्ट काढायची आणि उजव्या पानावर एकच वाक्य लिहायचं, 'कारण' पासून सुरू होणारं. म्हणजे समोरच्याने ते तसं का केलं असेल. चित्र ढापलं तर नुसती कॉपी होते, कारण ढापलं तर ते उद्या दुसरीकडे वापरता येतं. बस, एवढीच आयडिया आहे, बाकी सगळा सराव.

उदाहरण देतो. आमच्याकडे एक कुल्फीची गाडी येते, तिच्यावरची पाटी हाताने रंगवलेली, वरची कड गोल. 'कुल्फी' शब्द बघा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, वर दीर्घ वेलांटी, आणि पाटी वीतभर. त्या पेंटरने काय केलं, फी ची वेलांटी उजवीकडून उचलली ती थेट कु च्या डोक्यापर्यंत नेली, पाटीच्या गोलाईला समांतर, त्यामुळे अख्ख्या शब्दावर छत्री धरल्यासारखी झाली आणि टोकाला दोन थेंब गळताना. मी तीन उन्हाळे ती गाडी बघतोय पण वहीत काढायला बसलो तेव्हाच हे दिसलं. पेंटरकाका भेटले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "जागा व्हती ना भो वर, वाया कसाले जाऊ देवू." उजव्या पानावर हेच लिहिलं. आणि पुढच्या महिन्यात एका मित्राच्या चहाच्या टपरीचा लोगो करताना चहातल्या ह चं शेपूट मी कपाच्या कानासारखं वळवलं, ते तिथूनच आलं.

त्यांच्याकडून शिकलेली अजून एक गोष्ट. देवनागरीत अक्षर काढायचं तर जागेचे तीन पट्टे धरायचे, वर मात्रा-वेलांटीचा, मध्ये अक्षराचा, खाली उकाराचा. नवीन पोरं (मी पण) मधला पट्टाच मोठा करून बसतात आणि मग रफार पाटीबाहेर लटकतो. पेंटर लोक आधी खडूच्या भुकटीतला दोरा ताणून भिंतीवर फटकारतात, सरळ रेघ उमटते, मग अक्षरं मोजतात, मग ब्रश उचलतात. फ्लेक्सने त्यांचं बरंच काम खाल्लंय, पण अजून आहेत, शटरवर, ट्रकच्या मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. आहेत तोवर बघून घ्या.

स्टेन्सिल, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग मारणं, शिकायचंय तर मार्केट यार्डात जा. गोण्यांवर, कापसाच्या गाठींवर पत्र्याच्या साच्याने मारलेली अक्षरं असतात, भुसावळला मालगाडीच्या डब्यांवर पण. जवळून बघितलं की अक्षर मध्येच तुटलेलं दिसेल, कारण पूर्ण कापलं तर व चं पोट गळून पडेल. आपल्या लिपीत भानगड जास्त, शिरोरेघ वरून झाकण लावते त्यामुळे प सुद्धा बंद होतो, मग शिरोरेघच तोडावी लागते. बँक्सी हा ब्रिटनचा, ओळख लपवून भिंती रंगवणारा चित्रकार, तो स्टेन्सिल वापरतो ते काम पटकन उरकावं म्हणून, आपल्या गोणीवाल्याला पण घाईच असते. जुन्या एक्स-रे फिल्मवर कटरने आपलं नाव कापून बघा, पाच मिनिटात कळेल काय म्हणतोय ते.

कॉमिक्ससाठी वेगळं कुठे जायची गरज नाही, अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटर आहे आणि आपण तिथे फक्त पाहुणे आले की जातो. एकदा एकटे जा. १७ नंबरच्या लेण्यात जातक कथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, रंगवल्यात, त्यात चौकटी नाहीत, एकच पात्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतं, आणि प्रसंग कुठे बदलला ते खांब, दरवाजा, झाड यावरून कळतं. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ द्या. घरी येऊन करायचा सराव म्हणजे एक पान, चौकट आखायची नाही, आईचा सकाळपासून दुपारपर्यंतचा स्वयंपाकघरातला वेळ त्यात बसवायचा, प्रसंग वेगळे करायला फक्त फ्रीज, दार, खिडकी. मला जमायला सहा पानं लागली. चौकटीच हव्या असतील तर जुन्या धुळ्यात फिरा, नंबर दिलेल्या समांतर गल्ल्या, अख्खं गाव कॉमिकचं पान वाटतं.

आणि शब्द कमी करा. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची किती चित्रं एका शब्दाशिवाय हसवतात. आधी बिनशब्दांचं काढा, मग वाटलंच तर फुग्यात अहिराणी टाका, 'काय करी राहिना भो' म्हटलं की पात्र कुठलं ते सांगावं लागत नाही.

वेगाचा सराव बसस्टँडवर. कीथ हॅरिंग हा अमेरिकन चित्रकार न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, १९८० च्या दशकात जाहिरातींच्या रिकाम्या जागी लावलेल्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने काढायचा, खडू पुसून दुरुस्त करत बसायला वेळ नाही, पकडलं जायची भीती, म्हणून रेघ एकदाच आणि जाड. आपण काय करायचं, समोर एसटी लागली की त्यातलं एक माणूस धरायचं आणि कंडक्टरने डबल बेल दिली की पेन खाली. अर्धवट राहिलं तर राहू द्या, नंतर आठवून पूर्ण करायचं नाही.

चाळीसगावला गेलात तर फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघाच, आता संग्रहालय आहे. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यातून अख्खा देखावा उभा करायचे आणि फोटो काढायचे. घरात बसून. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत बाहेर कोण फिरणार, तेव्हा हेच करा, केळीचं साल, काडेपेटी, दिवा.

रविवारी वही उघडायची आणि तीन वेगवेगळ्या दिवसांची 'कारणं' एका चित्रात कोंबायची. बहुतेक वेळा बिघडतं.

भिंत करायची असेल तर आधी मालकाची परवानगी, शक्यतो लेखी, विनापरवानगी रंगवण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे. मग भिंतीवर हात फिरवा. माझी पहिली भिंत मावशीच्या घराची, मी पोस्टर कलरने मोठा बगळा काढला, त्यात भिंतीला लोणा (ओलीने येणारा पांढरा खार) धरलेला ते बघितलंच नाही. जूनच्या पहिल्या पावसात बगळ्याचे पाय गेले, आठवड्यात पोपडे सुटून चोच. तर पांढरी भुकटी हाताला लागली तर ती भिंत सोडा. चांगली असेल तर खरवडा, प्रायमर मारा, वर बाहेरच्या भिंतीचा इमल्शन. कागदावर ६ बाय १० इंचात चित्र काढून एकेक इंचाचे चौकोन पाडा, भिंतीवर तेच एकेक फुटाचे, दोऱ्याने. एकेक चौकोन उतरवत जायचं, काळी रेघ सगळ्यात शेवटी. आणि सकाळी दहाच्या आत आटपा, नंतर रंग ब्रशवरच वाळतो. मावशीने त्या भिंतीला पुन्हा चुना लावून घेतलाय, उरलेला बगळा खालून अजून थोडा दिसतो.