जर्मन शहरांची चांदीची चिल्लर कोकणात कशी सांभाळायची
आधी शहर ओळखा, नाण्यावर चावी दिसली तर बहुतेक ब्रेमेन, तीन बुरुजांचा किल्ला असेल तर हॅम्बुर्ग, पण दोन डोक्यांचा गरुड बऱ्याच शहरांवर असतो म्हणून कडेची अक्षरं भिंगाने वाचाच. ब्रेमेनला ७२ ग्रोटेनचा (म्हणजे तिथल्या चिल्लरचा) एक थालर, म्हणजे मोठं चलन, व्हायचा, एवढी बारकी नाणी ती, त्यात तांबं भरपूर, त्यामुळे देवाची भांडी घासतो तसं आमसूल किंवा चिंच अजिबात लावू नका हो, आंबट पाणी तांबं खातं आणि नक्षी गेली की गेलीच. मालवण-रत्नागिरीचा खारा वारा लागलेलं नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, न घासता सुती कपड्याने टिपा, पूर्ण सुकलं की हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं नकोतच, हिरवा चिकट थर धरतो. पावसाळ्यात जेल लवकर दमट होतं, बदलत राहा.