कुत्र्याला रताळे देताना या चुका टाळा

रताळे कुत्र्यासाठी चांगले आहे, याबद्दल शंका नाही. त्यात तंतुमय घटक आहेत, पोटॅशियम आहे आणि भरपूर बीटा-कॅरोटीन आहे, ज्याचे कुत्र्याचे शरीर जीवनसत्त्व ‘अ’मध्ये रूपांतर करू शकते. मात्र हे एवढेच वाचून उत्साहाने रताळे आणणारे आणि आठवडाभरात पशुवैद्याकडे धावणारे लोक मी सतत पाहतो. त्यांच्या चुका ठरलेल्या असतात, आणि त्यांपैकी बहुतेक शिजवण्याचा किंवा मोजण्याचा कंटाळा केल्यामुळे होतात.

सर्वांत घातक चूक कच्चे रताळे देण्याची. ते कडक असते, घशात किंवा आतड्यात अडकू शकते, आणि प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे त्यातले घटक शिजवल्याशिवाय निष्प्रभ होत नाहीत. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने आपल्या लॅब्रेडोर कुत्रीला चघळायला म्हणून कच्च्या रताळ्याची जाड फोड दिली. लॅब्रेडोरला चघळण्याइतका धीर नसतो. तिने ती जवळजवळ अखंड गिळली. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा पोट बिघडले असेल, लंघन केले की उतरेल, असे म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. मी तिला पाहिले तेव्हा ती पुढचे पाय जमिनीवर पसरून आणि मागचा भाग उंच धरून उभी होती, आणि प्यायलेले पाणीही तिच्या पोटात टिकत नव्हते. पोटात तीव्र वेदना असल्या की कुत्री असा पवित्रा घेतात. एक्स-रेमध्ये फोड दिसली नाही, फक्त वायूने फुगलेली आतडी दिसली. अडथळ्याची जागा सोनोग्राफीत सापडली. शस्त्रक्रियेत बाहेर काढलेल्या फोडीच्या सुरीने कापलेल्या कडा तशाच शाबूत होत्या. कुत्री वाचली, परंतु हा सारा त्रास कुकरच्या काही शिट्ट्यांनी टळला असता. मी रताळे नेहमी साल काढून, बोटाने दाबल्यावर सहज मोडेल इतके उकडतो आणि कुसकरूनच देतो. चौकोनी फोडी ताटलीत कितीही सुरेख दिसल्या तरी घाईने खाणाऱ्या कुत्र्याला त्या देऊ नयेत.

दुसरी चूक प्रमाणाची. ‘पौष्टिक आहे, मग पोटभर खाऊ दे’ हा विचार मला अजिबात पटत नाही. 100 ग्रॅम उकडलेल्या रताळ्यातून साधारण 80 कॅलरी मिळतात, पण प्रथिने 2 ग्रॅमसुद्धा नसतात. मुख्य आहाराव्यतिरिक्तचा सगळा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत असावा, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. 10 किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे 600 कॅलरी लागतात, असे धरले तर रताळ्याची कमाल मर्यादा 75 ग्रॅमच्या आसपास येते, आणि त्या दिवशी बिस्किटे किंवा दुसरा खाऊ दिला तर तीही कमी होते. मी नव्या कुत्र्याला सुरुवातीला एक चमचाच देतो, दोन-तीन दिवस शौच पाहतो आणि मगच प्रमाण वाढवतो. शौचाला थोडी नारिंगी छटा आली तर घाबरण्याचे कारण नाही. शौच पातळ झाले तर मात्र रताळे थांबवावे.

मांस किंवा अंडी कमी करून त्यांच्या जागी रताळे भरणे ही याच चुकीची पुढची पायरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये कुत्र्यांच्या हृदयस्नायूच्या एका आजाराची चौकशी सुरू केली. त्यात कडधान्ये, बटाटे किंवा रताळी हे मुख्य घटक असलेल्या खाद्यांकडे लक्ष वेधले गेले. या घटकांमुळेच आजार होतो, हे सिद्ध झालेले नाही; तरीही रताळ्याला मुख्य आहाराची जागा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

घरच्यांसाठी केलेल्या पदार्थातले रताळे कुत्र्याला वाढू नये, कारण त्यातला कांदा-लसूण त्याच्यासाठी विषारी असतो. मीठ, साखर, तूप यांचीही गरज नाही. बुरशी लागलेले रताळे तेवढा भाग कापून वापरण्याची काटकसर करू नये. त्यात तयार होणारी विषद्रव्ये शिजवल्यानेही पूर्णपणे जात नाहीत, म्हणून ते सबंध फेकून द्यावे.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, तसेच कॅल्शियम ऑक्झलेटचे मूतखडे होऊन गेलेल्या कुत्र्याला रताळे सुरू करण्याआधी पशुवैद्यांना विचारणे आवश्यक आहे. रताळे खाल्ल्यानंतर वारंवार उलट्या होत असतील, पोट ताठरले असेल किंवा शौचच होत नसेल, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी, आणि कुत्र्याने काय, केव्हा व केवढ्या आकाराचे खाल्ले, हे न लपवता सांगावे.