तीनशेची बीआरएम मित्रांबरोबर करताय? या चुका टाळा

दोनशे किलोमीटरची सायकल राइड झाली, मेडल घरी आलं आणि आता ग्रुपवर तीनशेचा घाट घातला जातोय. चार-पाच जणांनी हात वर केलाय. उत्साह आहे तोवर एक गोष्ट डोक्यात घालून घ्या: दोनशे आणि तीनशे यांत फरक नुसत्या शंभर किलोमीटरचा नाही. दोनशे बहुतेक उजेडात उरकते. तीनशेत रात्र येते, दोन जेवणं येतात, पेंग येते आणि सोबत्याचा खरा स्वभाव दिसायला लागतो. अर्धवट सुटलेल्या राइडची कारणं विचारली तर पाय थकले म्हणणारे कमीच. पोट बिघडलं, दिवा गेला, वेळ संपली, एकासाठी बाकीचे थांबले, अशीच उत्तरं येतात. यातलं जवळजवळ सगळं घरबसल्या टाळता येतं.

नवख्यांसाठी थोडक्यात: बीआरएम ही पॅरिसच्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणारी राइड. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, फक्त वेळेत पोहोचायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. नोव्हेंबर ते ऑक्टोबर अशा एका मोसमात चारही केल्यात की तुम्ही 'एसआर', म्हणजे सुपर रांदोनर.

थांब्यांचा हिशोब न करणं

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक आहे आणि ती फक्त ग्रुपमध्येच होते. 20 तासांत 300 म्हणजे सरासरी ताशी 15. ऐकून हसू येतं, कारण सपाट रस्त्यावर 22-24 सहज निघतात. पण घड्याळ चहाच्या टपरीवरही चालूच असतं. घाट-चढ धरून चालती सरासरी 18 पडली, तर नुसतं पॅडल मारण्यातच 16 तास 40 मिनिटं जातात. उरले 3 तास 20 मिनिटं. त्यात नाश्ता, जेवण, पाणी, लघवी, पंक्चर, कंट्रोलवरचा (म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणचा) सही-शिक्का आणि फोटो.

आता हायवेवरच्या हॉटेलातला प्रसंग बघा. पाच सायकली भिंतीला टेकल्या. एक जण बाथरूमकडे गेला, एकाने चहा सांगितला, तिसरा फोन चार्जिंगला लावायला प्लग शोधतोय. चहा येतो न येतो तोच चौथा म्हणतो, "मिसळ सांगू का सगळ्यांना?" मिसळ येईपर्यंत पहिल्याचा चहा थंड, म्हणून तो दुसरा मागवतो. निघूया म्हटल्यावर पाचव्याला आठवतं की बाटल्या भरायच्यात. पाच मिनिटांचा चहा पाऊण तासाचा झाला आणि दोष कोणाचाच नाही. एकटा माणूस स्वतःच्याच कामासाठी थांबतो. ग्रुप प्रत्येकाच्या प्रत्येक कामासाठी थांबतो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. थांबे घरीच ठरवा: कुठे नाश्ता, कुठे जेवण, बाकी सगळं कंट्रोलवरच. जेवणाला अर्धा तास, कंट्रोलला 15 मिनिटं. जो आधी पोहोचेल त्याने सगळ्यांची ऑर्डर द्यायची, एकाने सगळ्या बाटल्या भरायच्या. आणि ग्रुपमधल्या सगळ्यात खडूस माणसाला घड्याळाचं काम द्या. त्याने "चला" म्हटलं की उठायचं, अर्धी मिसळ तशीच टाकून. दुपारपर्यंत तास-दीड तास हातात शिल्लक राहिला, तर रात्री एखादं पंक्चर माफ.

आणखी एक बारीक गोष्ट. काही कंट्रोलवर माणूस नसतो. एटीएमची पावती किंवा दुकानाचं वेळ छापलेलं बिल हाच पुरावा. हल्ली यूपीआयने पैसे टाकून पुढे निघायची सवय झालीय, मग पन्नास किलोमीटर गेल्यावर आठवतं की कागद घेतलाच नाही. काय चालतं आणि काय नाही, हे निघण्याआधी आयोजकांना विचारा. सही-शिक्क्याचं कार्ड झिपलॉक पिशवीत ठेवा, घामाने शाई उतरते.

"बघू रे, जाऊ सगळे मिळून"

हे वाक्य धोक्याचं आहे. शेवटपर्यंत एकत्र राहायचं की कंट्रोल ते कंट्रोल भेटायचं, हे न ठरवताच लोक निघतात. मग 140 व्या किलोमीटरला एकाचा गुडघा बोलायला लागतो आणि रस्त्याच्या कडेला उन्हात चर्चासत्र भरतं. तेव्हा कोणीच खरं बोलत नाही. मागे पडलेला "तुम्ही व्हा पुढे" म्हणतो आणि मनात खट्टू होतो. पुढचे "नाही रे, थांबतो ना" म्हणतात आणि घड्याळाकडे बघतात.

निघण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं स्पष्ट घ्या. मागे पडलेल्यासाठी किती वेळ थांबायचं? एखाद्याने राइड सोडली तर तो घरी कसा पोहोचणार, गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ कोण थांबणार? आणि अंधार पडल्यावर जोड्या कोणाच्या? चढावर ज्याने त्याने आपल्या चालीने जावं आणि माथ्यावर भेटावं. रात्री मात्र कोणालाही एकटं सोडायचं नाही, ही अट मी तरी सोडणार नाही.

घरच्यांची गाडी मागे ठेवायचा मोह होतो. ते नियमात बसत नाही. वाहनाची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते, वाटेत नाही. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीमने अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी मदतनीसांचा अख्खा क्रू होता. बीआरएममध्ये क्रू म्हणजे जर्सीच्या पाठचे तीन खिसे.

वेगाचंही तसंच. पहाटेच्या गारव्यात ताजे पाय असतात, सगळ्यात दमदार गडी पुढे 28-30 ने काढतो आणि बाकीचे त्याच्या मागच्या चाकाला चिकटतात. पहिले 60 किलोमीटर स्वर्ग. हिशोब दीडशेनंतर चुकता करावा लागतो. निदान पहिल्या तीन तासांत सगळ्यात संथ माणसाने चाल ठरवावी. बोलताना धाप लागत असेल, तर तो तुमचा वेग नाही.

मागे चिकटून चालवण्याची सवय नसेल तर अंतर ठेवा, निदान एका चाकाएवढं. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नका. तो जरा सरकला की पडणार तुम्हीच. पुढच्याने "खड्डा", "काच", "रंबलर" असं मोठ्याने ओरडायचं आणि मागच्यांनी तेच पुढे पोचवायचं. लाज वाटते, पण दात वाचतात. शोल्डरवरून, म्हणजे हायवेच्या कडेच्या पट्ट्यावरून, जाताना पेट्रोल पंप आणि ढाब्यांच्या आसपास समोरून उलट्या दिशेने दुचाकी येणारच, असं धरूनच चला. उतारावर पांगा. गप्पा मारत जोडीने जायला हायवे ही जागा नव्हे.

तार न शोधता ट्यूब बदलणं

महामार्गाच्या कडेला ट्रकचे फुटलेले टायर पडलेले दिसतात. त्यांच्यातून सुटलेल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा शोल्डरवर विखुरलेल्या असतात. आपल्याकडच्या हायवेवरची बरीच पंक्चरं त्यांचीच. ही तार टायरमध्ये अशी घुसून बसते की बाहेरून काही दिसत नाही. घाईत नवी ट्यूब टाकली, हवा भरली, पाच किलोमीटरवर पुन्हा बसली. दुसरी ट्यूबही गेली की मग सोबत्यांच्या ट्यूब मागायची वेळ.

म्हणून चाक काढल्यावर आधी जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, गालाजवळ फिरवा आणि भोक शोधा. व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचं अंतर टायरवर मोजलं की तार कुठे असेल ते कळतं. मग टायरच्या आतून बोटाची टोकं हळू फिरवा. जोरात नको, बोट फाटेल. रुमाल फिरवलात तर धागा अडकेल तिथेच तार. नखांनी ती निघत नाही. छोटा चिमटा किंवा नेलकटर टूल बॅगमध्ये ठेवा. वजन नगण्य, उपकार फार.

पॅच लावताना सोल्यूशन ओलं असताना दाबायचं नाही. घासून, लावून, चकाकी जाईपर्यंत थांबायचं. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांनी एकत्र बसून बघा: कोणाचा व्हॉल्व्ह बारीक म्हणजे प्रेस्टा, कोणाचा मोटारसायकलसारखा जाड, खोल रिमवाल्याला लांब व्हॉल्व्ह लागतो, 25 मिलिमीटरच्या टायरची ट्यूब हायब्रिडच्या रुंद टायरला पुरत नाही. पाच जणांकडे मिळून दहा ट्यूब असतात आणि नेमकी ज्याला हवी त्याला बसणारी एकही नसते, हे फार वेळा घडतं. पंपाचंही तेच, तो खरोखर हवा भरतो का ते घरी करून बघा.

पोट

भूक लागल्यावर खायचं हा घरचा नियम, इथला नाही. भूक जाणवली म्हणजे उशीर झाला. पहिल्या तासापासूनच थोडं थोडं. तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम येतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गूळ-तूप लावून गुंडाळलेली पोळी, यातलं जे तुमच्या पोटाला सवयीचं आहे ते न्या. राइडच्या दिवशी पहिल्यांदाच एनर्जी जेलचं पाकीट फोडून बघणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत. तर्री वगैरे शेवटच्या कंट्रोलनंतर. दुपारच्या उन्हात दहीभात गुपचूप काम करून जातो.

नुसतं पाणी ढोसणंही चूक. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं रिकामं करू नका, पाकिटावरचं प्रमाण वाचा.

गुडघा दुखला की दुखण्यावरची गोळी टाकायची, हा सल्ला सोबत्यांकडून हमखास मिळतो. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडू शकतात. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, हा अंदाज घरीच घ्या. वाटेत बदललात तर दोन-तीन मिलिमीटरच, एकदम इंचभर नाही.

बुडाबद्दल कोणी उघड बोलत नाही, म्हणून एवढंच: पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. शिवणी घासतात. कातडीला व्हॅसलिन लावा आणि दर थोड्या वेळाने उभं राहून चालवा.

दिवे

सकाळी 6 ला निघालात तर वेळेची मर्यादा रात्री 2 ला संपते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे आठ तासांचा अंधार. हेडलाइटच्या खोक्यावर छापलेले ल्युमेन सगळ्यात वरच्या मोडचे असतात आणि त्या मोडवर तो बऱ्याचदा दीड-दोन तासच टिकतो. तुम्ही वापरणार तो मोड लावून घरच्या गॅलरीत दिवा जळत ठेवा आणि किती वेळ चालतो ते मोजा. काही दिवे चार्जिंगला लावले की पेटतच नाहीत. पॉवर बँकेच्या भरवशावर असाल तर हेही तपासा. मागचा लाल दिवा ग्रुपमध्ये असताना स्थिर ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्यामागे तासभर चालवून बघा, मागचा का चिडतो ते समजेल. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घातलंय पण वरून पाठीवर सॅक चढवली, तर पट्ट्या कोणाला दिसणार?

तालीम न करणं

दोनशे झाल्यावर दोन महिने सायकल भिंतीला टेकवून ठेवायची आणि "अंगात आहे की" म्हणत तीनशेला उतरायचं, असे वीर प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतात. निदान दोन आठवडे आधी, याच सोबत्यांबरोबर, याच सामानासकट दीडशे-पावणेदोनशेची एक राइड करा. पुण्यातले असाल तर पहाटे चारला निघून वाईपर्यंत जाऊन या. अंधार मिळतो, खंबाटकीचा चढ मिळतो, आणि कोण कुठे किती वेळ काढतो तेही कळतं. जाण्याचा मार्ग फोनवर टाकताना गाडीचा मोड ठेवू नका, एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे. नंतरचा शेवटचा आठवडा हलका. बुटाखालचे नवे क्लीट, नवी सीट, नवी चड्डी काही नको. आदल्या रात्री बॅग भरत एक वाजवू नका.

चिठ्ठीवर रक्तगट आणि घरचा नंबर लिहून खिशात ठेवा. फोनला कुलूप असतं, कागदाला नसतं. 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 पाठ असतात, राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हाही टिपून ठेवा.

पेंग आली की थांबा. मध्यरात्रीच्या सुमारास "जरा डोळे जड झालेत" म्हणणारा सोबती पुढच्या दहा मिनिटांत रस्त्याबाहेर जाऊ शकतो. उजेड असलेल्या पेट्रोल पंपावर 15-20 मिनिटांचा गजर लावून सगळ्यांनीच आडवं व्हावं. आणि शेवटचा शिक्का मिळाल्यावर तशाच अवस्थेत मोटारसायकल काढून किंवा कारच्या टपावर सायकल बांधून घरी निघू नका. ती गाडी चालवायला रात्रभर झोपलेला कोणीतरी आधीच ठरवून ठेवा.